दमट उकाड्यात गारवा हवा तर क्रम बदला: आधी वाफ, मग वारा, मग तापमान

खिडकीला ओली चादर, फरशीवर शिंपडलेलं पाणी, कोपऱ्यात घरघरणारा कुलर, आणि तरी कपडे पाठीला चिकटलेलेच. दर उन्हाळ्यात हीच तक्रार कानावर येते, की सगळं करून झालं, पण उकडायचं काही थांबत नाही. ते थांबणारही नाही, कारण हे सगळे उपाय कोरड्या उष्णतेचे आहेत. दमट हवेत ते अंगाशी येतात.

घाम आल्याने शरीर थंड होत नाही. घाम सुकला की थंड होतं. एक लिटर घाम अंगावरच सुकला तर तो सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो, म्हणजे ही त्याची साडेसहा तासांची उष्णता झाली. तोच घाम हनुवटीवरून टपकून खाली पडला तर पाणी आणि मीठ तेवढं जातं, गारवा मिळत नाही. आणि हवेत आधीच वाफ दाटलेली असेल तर घाम सुकणार तरी कुठे?

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: घरात वाफ सोडणं थांबवायचं, ऊन बाहेरच अडवायचं, हवा हलती करायची आणि मग राहिलेलं काम यंत्रावर सोपवायचं. बहुतेक जण नेमकी शेवटून सुरुवात करतात.

तयारी: उन्हाळा अंगावर येण्याआधी

लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत: तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा एक छोटा मापक, एक टेबल फॅन, खिडकीच्या बाहेर लावता येईल असं जाड कापड किंवा जाळी, पसरट टब किंवा बादली, आणि ओआरएसची दोन-चार पाकिटं. छताच्या पंख्याची पाती आधीच पुसून घ्या. पात्यांच्या कडेला धुळीचा थर साचला की वारा कमी होतो. पाती पुसूनही पंखा मंदच फिरत असेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर कमजोर झालेला असतो. तो बदलणं किरकोळ काम आहे, पण इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

घरातलं कोणी हृदयाचं, मूत्रपिंडाचं, रक्तदाबाचं किंवा मानसिक आजाराचं औषध घेत असेल तर उन्हाळा सुरू होतानाच डॉक्टरांशी बोलून घ्या. लघवी वाढवणारी आणि घाम कमी करणारी काही औषधं उकाड्यात जड जातात.

*इशारा: डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतंही औषध बंद करू नका, कमीही करू नका.*

टप्पा १: तीन दिवस मोजा

मापक पलंगाच्या उंचीवर ठेवा. बाहेरची भिंत, खिडकी आणि उन्हाची तिरीप यांपासून तो लांब हवा. पहाटे, दुपारी तीनला, रात्री आठला आणि झोपताना आकडे लिहून ठेवा. तीन दिवस पुरतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. मापकावरचा टक्का म्हणजे हवेतल्या वाफेचं वजन नव्हे. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते तिचा तो हिस्सा असतो. पहाटे २८ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के असेल तर एका घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम वाफ असते. दुपारी ३४ अंश आणि ६० टक्के असेल तर ती साडेबावीस ग्रॅमच्या आसपास निघते. टक्का २५ ने उतरला, पण वाफ जवळजवळ तेवढीच राहिली. म्हणून "दुपारी हवा कोरडी होते, तेव्हा कुलर लावू" हा हिशेब चुकतो.

*तपासा: झोपताना खोलीतला आकडा बाहेरच्या तापमानापेक्षा तीन-चार अंशांनी जास्त आहे का? असेल तर भिंती आणि छत दिवसभर तापत आहेत. टप्पा ३ तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा.*

टप्पा २: घरातली वाफ आणि उष्णता थांबवा

या टप्प्याला काहीच खर्च नाही, आणि म्हणूनच बहुधा तो सगळ्यांकडून राहून जातो.

धुतलेले कपडे घरात वाळत घालणं ही सगळ्यात मोठी चूक. यंत्रात पिळून निघालेल्या पाच किलो कपड्यांत अडीच लिटरच्या आसपास पाणी उरलेलं असतं. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. ३० अंशाला त्या खोलीतली हवा वाफेने पूर्ण भरली तरी तिच्यात जेमतेम एक लिटर पाणी मावतं. म्हणजे दोरीवरच्या कपड्यांत खोलीला पेलवेल त्याच्या अडीचपट पाणी लटकत असतं. ते सगळं त्या हवेतूनच बाहेर जाणार, आणि जाईपर्यंत तुमचा घाम सुकणार नाही. बाहेर जागाच नसेल तर बाथरूममध्ये वाळत घाला, दार लावा आणि एक्झॉस्ट चालू ठेवा.

फरशी पुसायची ती सकाळी, खिडक्या उघड्या असताना, आणि फडकं घट्ट पिळून. दुपारी पाणी शिंपडू नका. अंघोळ झाल्यावर बाथरूमचं दार बंद ठेवून एक्झॉस्ट पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. स्वयंपाक शक्यतो सकाळी उरका आणि भांड्यावर झाकण ठेवा. गॅस जळताना उष्णतेबरोबर स्वतःचीही वाफ सोडतो, त्यामुळे शेगडीवरचा एक्झॉस्ट काम संपल्यावरही दहा मिनिटं चालू राहू दे. इस्त्री आणि ओव्हन दुपारी नकोत.

रिकाम्या खोलीतला पंखा बंद करा. जुन्या पद्धतीचा पंखा ७०-७५ वॅट वीज खातो आणि ती सगळी शेवटी त्याच खोलीत उष्णता होऊन उरते. पंख्याने खोली थंड होत नाही, खोलीतल्या माणसाला गार वाटतं, इतकंच.

*इशारा: दमट हवेत कुलर आणि ओले पडदे लावू नका. ३४ अंश आणि ४० टक्के आर्द्रतेला पाण्यावरून गेलेली हवा जास्तीत जास्त २४ अंशांपर्यंत उतरू शकते. तेच ७० टक्क्यांना ती २९ च्या खाली जातच नाही, आणि येते ती पूर्ण ओली होऊन.*

टप्पा ३: ऊन काचेच्या बाहेरच अडवा

आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण काच ओलांडून आत आल्यावर. तोवर उष्णता खोलीत शिरलेली असते, पडदा तापतो आणि ऊन असेपर्यंत शेगडीसारखा खोलीला भाजत राहतो. तेच कापड खिडकीच्या बाहेर, काचेपासून वीतभर अंतरावर लावलं तर ताप बाहेरच्या बाहेर निघून जातो. कापड एक, जागा वेगळी, परिणामात मोठा फरक. बाहेर काहीच लावता येत नसेल तर आतून पांढरा, काचेला लागून असलेला पडदा लावा. गडद रंग टाळा.

क्रम पश्चिमेपासून धरा. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, खोल आत शिरतं आणि तेही घर आधीच तापलेलं असताना. त्यानंतर पूर्व. बाहेर झाडाच्या कुंड्या मांडायच्या असतील तर मांडा, सावली उपयोगी आहे, पण त्यांना पाणी सकाळी घाला.

शेवटच्या मजल्यावर राहत असाल तर खरा शत्रू डोक्यावर आहे. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि काही तासांनी ती खाली सोडतो. बाहेर संध्याकाळची झुळूक सुरू होते त्याच वेळी घरात छत तापून निघतं ते यामुळे. रात्री नऊला पलंगावर उभं राहून छताला तळहात लावून बघा. हात गरम लागला, तर ती उष्णता पहाटेपर्यंत तुमच्या अंगावर उतरणार आहे. गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग लावणं हा यावरचा पक्का उपाय. रंग लावण्याआधी भेगा बुजवून गच्ची स्वच्छ आणि पूर्ण कोरडी करून घ्या. ओल्या किंवा धुळीने माखलेल्या थरावर लावलेला रंग पापुद्र्यांनी सुटतो आणि लोक मग रंगालाच नावं ठेवतात.

टप्पा ४: खिडक्या कधी उघडायच्या, कधी मिटायच्या

"उकाड्यात खिडक्या उघड्या टाका" आणि "उन्हात खिडक्या बंद ठेवा" हे दोन्ही सल्ले अर्धेच आहेत. नियम सोपा आहे. बाहेर आतल्यापेक्षा गार असेल तर उघडा, गरम असेल तर मिटा. घाम येत असताना खोलीत वाराच नसेल तर मात्र थोडी गरम झुळूकही चालते, फक्त अंगावर थेट ऊन नको.

शहरात संध्याकाळ फसवी असते. सूर्य मावळला तरी रस्ते आणि समोरच्या इमारतींच्या भिंती साठवलेली उष्णता सोडत असतात. सवयीने सहा वाजता खिडक्या उघडण्यापेक्षा मापक बाहेर पाच मिनिटं धरा आणि मग ठरवा. बऱ्याच घरांत खरी वेळ रात्री नऊ-दहानंतरची आणि पहाटेची निघते.

उघडताना समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा. एकच बाजू असेल तर टेबल फॅन खिडकीत बाहेर तोंड करून लावा, म्हणजे तो तापलेली हवा ढकलून देतो आणि गार हवा दुसऱ्या दाराखिडकीतून आपोआप ओढली जाते. फॅन आत तोंड करून लावला तर एका कोपऱ्यात वारा लागतो, घर तसंच तापलेलं राहतं. पहाटेची दोन तासांची अशी हवापालट भिंतींमधला बराच ताप काढून घेते. आठच्या सुमारास ऊन वर आलं की सगळं मिटा.

टप्पा ५: पंखा योग्य जागी

छताचा पंखा खाली वारा देईल अशा दिशेने फिरायला हवा. खालून पाहिलं तर बहुतेक पंख्यांत ही दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट असते. उलटसुलट फिरवणारं बटण असलेल्या पंख्यात ती चुकून बदललेली असते आणि महिनोन् महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.

छत तापलेलं असेल तर एक वेगळीच अडचण होते. छताजवळ साचलेला गरम हवेचा थर पंखा थेट अंगावर आणून टाकतो. मी स्वतः कित्येक वर्षं रात्री पंखा पाचवर ठेवून "गरम वारा येतो" म्हणून चिडत होतो. अशा खोलीत रात्री छताचा पंखा मंद ठेवा आणि टेबल फॅन पलंगाच्या उंचीवर, गार हवा येणाऱ्या खिडकीच्या बाजूला लावा. एवढ्या एका बदलाने माझी झोप परत आली.

*इशारा: खोलीचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की नुसत्या पंख्यावर राहू नका, तो शरीर तापवू लागतो. वयस्कर माणसांना घाम कमी येतो, त्यांच्या बाबतीत ही सावधगिरी आणखी आधीपासून घ्या: अंग ओलं करून मग पंख्याखाली बसवा, किंवा थंड जागी हलवा.*

टप्पा ६: एसी असेल तर

दमट शहरात एसीचं पहिलं काम वाफ काढणं आणि दुसरं थंड करणं. ते पहिलं काम होतंय की नाही हे पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीवरून कळतं. नळीखाली बादली ठेवून तासभर बघा. दमट दिवशी धार किंवा भरभर थेंब पडायला हवेत. खोली थंड आहे, पण नळी कोरडी आणि अंग चिकट, तर पुढच्या गोष्टी याच क्रमाने तपासा.

फिल्टर काढून उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड नीट दिसत नसेल तर धुवा आणि पूर्ण वाळवून बसवा. उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी हे करा. नंतर बाहेरच्या युनिटसमोर सामान, झाड किंवा जाळी अडकली आहे का ते पाहा. मग पंख्याची सेटिंग बघा. आतला पंखा 'ऑटो'वर हवा. काँप्रेसर थांबल्यावरही पंखा जोरात फिरत राहिला तर कॉइलवर जमलेलं पाणी तो पुन्हा खोलीत उडवतो, म्हणजे काढलेली वाफ परत आत. एवढं सगळं ठीक असूनही अंग चिकटच राहत असेल तर एसी खोलीच्या मानाने फार मोठा असण्याची शक्यता आहे. मोठा एसी चटकन थंड करून बंद पडतो, वाफ काढायला त्याला वेळच मिळत नाही. नवीन घेताना "एक आकार मोठाच घेऊ" हा मोह टाळा.

तापमान २६ वर ठेवा आणि छताचा पंखा मंद चालू ठेवा. वाऱ्यामुळे दोन-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं. १८ वर ठेवल्याने साधा एसी लवकर थंड करत नाही, नुसता जास्त वेळ चालत राहतो. 'ड्राय' मोड पाऊस तोंडावर आलेल्या, फार न तापलेल्या चिकट दिवसांसाठी चांगला. भर दुपारी तापलेल्या खोलीला तो पुरत नाही.

एक खोली निवडा आणि तीच थंड ठेवा. दाराखालच्या फटीला जाड कापड गुंडाळून लावा. बाहेरची दमट हवा फटीतून येत राहिली तर एसी रात्रभर बाहेरचंच पाणी उपसत बसतो.

टप्पा ७: अंगाचा ताप उतरवा

एसी नसेल किंवा वीज गेली असेल तर पाण्याचा थेट स्पर्श हा सगळ्यात भरवशाचा उपाय, कारण त्याला घाम सुकण्याची गरज नाही. हात कोपरापर्यंत थंड पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. आगीशी झुंजून आलेल्या अग्निशामकांचं शरीर थंड करायला हीच पद्धत वापरतात. तळहात आणि मनगटाच्या त्वचेतून भरपूर रक्त फिरतं, ते थंड होऊन परत आत जातं. पाय घोट्याच्या वरपर्यंत बुडवले तर आणखी चांगलं. पाणी कोमट झालं की बदला.

झोपण्याआधी तासभर साध्या किंवा कोमटसर पाण्याने अंघोळ करा. बर्फगार पाण्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि आतली उष्णता बाहेर यायला उलट अडते. अंग अगदी कोरडं करू नका, हलकं टिपा आणि पंख्याखाली बसा. टपकणारा घाम मात्र जरूर पुसा, आणि कपडे भिजले की बदला. कपडे सैल, पातळ आणि फिकट रंगाचे. अंगावर पावडरीचे थर किंवा जाड क्रीम नको. घामाची रंध्रं बुजली की घामोळं येतं.

पिण्याच्या बाबतीत दोन्ही टोकांच्या चुका होतात. उन्हात किंवा तापलेल्या जागी काम करत असाल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी घ्या, तहानेची वाट पाहू नका. पण तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका. नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम घसरतं आणि तेही जिवावर बेततं. तासन् तास घाम गाळला असेल तर ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून विरघळवा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते ओतून द्या आणि पुन्हा करा. ज्यांना डॉक्टरांनी पाणी किंवा मीठ मोजून घ्यायला सांगितलं आहे त्यांनी आधी त्यांना विचारावं.

*तपासा: लघवी फिकट पिवळी आहे का? गडद आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडतंय.*

टप्पा ८: बाहेर पडायचंच असेल तर

शरीराला उकाड्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर येऊ लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. म्हणून हंगामातली पहिली लाट सगळ्यात वाईट. कष्टाचं काम नव्याने सुरू करणाऱ्याने पहिल्या दिवशी पूर्ण कामाचा पाचवा हिस्साच करावा आणि रोज तेवढाच वाढवावा. "मला सवय आहे" म्हणणारेही सुट्टीवरून परतल्यावर पहिल्याच दिवशी आडवे होतात.

बाळाच्या गाडीवर सावलीसाठी कापड झाकू नका. आतली हवा अडकून तापते. बंद मोटारीत मूल, म्हातारं माणूस किंवा प्राणी दोन मिनिटांसाठीही ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढतं, काच थोडी उघडी ठेवली तरीही.

टप्पा ९: धोका ओळखा आणि ताबडतोब हला

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, खूप घाम: ही उष्णतेने आलेली ग्लानी. गार जागी आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा, घोट घोट पाणी किंवा ओआरएस द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर डॉक्टर.

माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला, झोकांड्या देऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. इथे सर्वांत घातक गैरसमज असा की उष्माघातात घाम थांबतोच. अंग घामाने निथळत असतानाही उष्माघात होतो. घाम बघू नका, माणसाचं भान बघा.

आता क्रम चुकवू नका:

1. एकाने रुग्णवाहिकेला फोन करायचा, दुसऱ्याने त्याच क्षणी थंड करायला लागायचं.
2. सावलीत घ्या, वरचे कपडे काढा.
3. टबात मानेपर्यंत थंड पाण्यात बसवता आलं तर सर्वोत्तम, पण डोकं धरून ठेवा. ते शक्य नसेल तर अंगावर सतत पाणी ओता आणि जोरात वारा घाला. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत ठेवा.
4. भान नसेल तर तोंडात पाणी घालू नका. कुशीवर वळवून ठेवा.
5. तापाची गोळी देऊ नका. हा ताप त्या गोळीने उतरत नाही.

रुग्णवाहिका येईपर्यंत आणि गाडीतसुद्धा थंड करणं थांबवू नका. रुग्णालयात सोपवताना तीन गोष्टी सांगा: भान कधी हरपलं, थंड करायला किती वाजता सुरुवात केली, आणि रोजची औषधं कोणती चालू आहेत.